पहिल्या वर्षी लहान टेकडी

दिवाळीच्या भाजण्या दळून झाल्या की इकडे म्युनिक-आउग्सबुर्गकडच्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. "ताई, यंदा मुलांना स्कीइंगला न्यायचंय. फ्रान्समधलं व्हाल तोराँस बघतोय. एका पासात 600 किलोमीटरचे उतार मिळतात म्हणे!"

मिळतात, खरं आहे. गाव 2,300 मीटर उंचीवर आहे, बर्फही भरवशाचा. पण मी विचारते, घरात स्कीइंग येतं कुणाला? कुणालाच नाही. मग बाबांनो, त्या 600 किलोमीटरांतले तुमच्या वाट्याला येणार जेमतेम दोनशे मीटर! पहिले तीन-चार दिवस त्याच तुकड्यावर वर जायचं आणि खाली यायचं असतं. त्यासाठी अख्ख्या डोंगररांगेचे पैसे कशाला मोजायचे?

आम्ही साताऱ्याकडची मुलं विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक वर काठावर मामाच्या हातात. कृष्णा घरापासून हाकेच्या अंतरावर होती, पण पहिल्या दिवशी आम्हाला कुणी कृष्णेवर नेलं नाही. आधी विहीर. डबा सुटला, दोर सुटला, मग नदी. स्कीइंगमधली विहीर म्हणजे गावाला लागून असलेली लहान टेकडी. मामा म्हणजे शिक्षक. आणि विहिरीच्या पायऱ्या म्हणजे तो जमिनीलगतचा सरकता पट्टा, ज्याला जर्मनमध्ये 'जादूचा गालिचा' म्हणतात. पोरं त्यावर ओळीनं उभी राहून वर जातात. पुष्कळ ठिकाणी त्या पट्ट्याचे पैसे शिकवणीतच धरलेले असतात.

आम्ही स्वतः हे पैसे मोजून शिकलो. पहिल्या वर्षी एका मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणी चौघांचे सहा दिवसांचे पास आधीच काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी उत्साहानं लिफ्टनं वर गेलो. नकाशावर तो उतार निळा, म्हणजे सोपा होता. वर उभं राहून खाली बघितलं आणि सहा वर्षांची लेक माझ्या हाताला घट्ट धरून म्हणाली, "आई, मला घरी जायचंय." त्याच लिफ्टनं परत खाली आलो. उरलेले चार दिवस गावातल्या पट्ट्यावर, आणि पास खिशात तसेच. लेकीच्या डोळ्यांतली भीती जायला मात्र पुढचा अख्खा हिवाळा लागला. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

म्हणून पुन्हा सांगते, पहिल्या वर्षी पैसा शिकवणीवर घाला, पासावर नको. ऑस्ट्रियातल्या मोठ्या क्षेत्रांत एका मोठ्या माणसाचा दिवसाचा पास आता 70 युरोंच्या वर गेलाय. आईबाबांचे मिळून दिवसाला 140, आणि आईबाबा दिवसभर पोरांचे हातमोजे शोधत पट्ट्यापाशी उभे. लहान टेकडीवर अर्ध्या दिवसाचा पास मिळतो, काही ठिकाणी फेऱ्यांवर मोजायचं पॉइंट-कार्ड मिळतं. आमच्या बायर्नला लागून टिरोलमधलं टान्हाइमचं खोरं आहे, तिथे अशी लहान-लहान गावं एकामागून एक लागतात. आलगॉयमध्येही आहेत. नावं मोठी नाहीत, एवढंच.

कुणी बल्गेरियातलं बान्स्को सुचवतं. स्वस्त आहे, आणि 1 जानेवारी 2026 पासून तिथे युरोच चालतो. पण तिथे शिकाऊ उतार वर, बान्देरिश्का पोल्यानाला आहेत आणि गावातून जायला गोंडोला एकच. गर्दीच्या आठवड्यात सकाळी लहान मुलं घेऊन त्या रांगेत उभं राहायचं. म्हणजे विहीर आहे, पण डोंगरावर! ज्यांना थोडं येतं त्यांनी खुशाल जावं.

आता तारखा. मुलं अजून किंडरगार्टनमध्ये असतील तर 6 जानेवारीचा सण होऊ द्या आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे धरा. नाताळची गर्दी ओसरलेली असते, फेब्रुवारीतली सुरू व्हायची असते. फेब्रुवारीत इंग्लंडच्या शाळांची सुट्टी, हॉलंडची सुट्टी, फ्रान्सचे तीन विभाग आळीपाळीनं, आणि आमच्या बायर्नची फाशिंगची सुट्टी. तीच खोली, तोच पलंग, आणि भाडं ऐकून माणूस गप्प होतो.

शाळेतल्या मुलांचं काय, असं तुम्ही विचाराल. शाळा बुडवून जायचं नाही, जर्मनीत ते चालत नाही आणि चालूही नये. त्यांच्यासाठी आठवडाभराच्या सहलीचा हट्टच सोडा. आपल्या गावातला, वस्तीतला स्कीक्लब गाठा. जानेवारी-फेब्रुवारीत बरेच क्लब शनिवार-रविवारी पहाटे बस काढतात, दिवसभर पोरांना शिकवतात आणि संध्याकाळी परत आणून सोडतात. राहण्याचा खर्च नाही. डबा घरचा, पोळीभाजीचा. आणि पोरं शेजारच्या जर्मन पोरांबरोबर शिकतात. हा पर्याय आपल्या लोकांना ठाऊकच नसतो, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

शिक्षक काय शिकवतात तेही जवळून बघा. पुढची टोकं जुळवून मागे स्की फाकवायच्या, म्हणजे वेग मरतो. मोठ्यांना ते 'फ्लुग' म्हणून सांगतात, फ्लुग म्हणजे नांगर. पोरांना ओरडून सांगतात, "पिझ्झा!" लगेच पंधरा पोरांच्या पायांखाली पिझ्झ्याचे तुकडे. हे नीट जमेपर्यंत लिफ्टकडे बघायचंच नाही. नांगर जमला की डबा सुटला म्हणून समजा.

वेळ थोडा उरलाय, भराभर सांगते. स्की, बूट आणि हेल्मेट भाड्यानं घ्या, पोरांचे पाय वर्षात वाढतात. कपडे शरद ऋतूत भरणाऱ्या जुन्या सामानाच्या स्कीबाझारात बघा. मोजे पातळ, लांब आणि एकच जोड. आपल्या आया काळजीनं दोन-दोन जोड चढवतात, बूट आवळतो, रक्त अडतं आणि पाय उलट गारठतात.

राहायला स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. बरीच घरं शनिवार ते शनिवार मिळतात, आणि ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला बहुतेक दुकानं बंद होतात, रविवारी तर बंदच. तेव्हा डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा आणि दोन दिवसांची भाजी गाडीतच हवी. कुकरसुद्धा.

आणि विमा. ते निळं युरोपियन आरोग्य-कार्ड आहे ना, ते डोंगरावरून सुटका करून आणण्याचा खर्च देत नाही. हेलिकॉप्टर आलं तर बिल हजारो युरोंत येतं. वेगळा विमा काढा. इटलीत जाणार असाल तर 2022 पासून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा विमा उतारावर सक्तीचा आहे. त्याविषयी आणखी सांगायचं होतं, आजीआजोबांना बरोबर न्यायचं तर काय करावं तेही राहिलं, पण समोरून वेळ संपल्याची खूण झाली.

एवढंच करा. क्लबांची नावनोंदणी बर्फ पडायच्या आधीच भरत येते. आज संध्याकाळी मुलं झोपली की आपल्या गावच्या क्लबचा नंबर शोधा, आणि उद्या फोन करा.