वीतभर गाडीचं दार
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘शाळेने मला काय दिलं’ यावर बोलायला सांगितलं होतं. मी मात्र शाळेत असताना माझ्या हातून काय मोडलं, त्यावर बोलणार आहे. पाचच मिनिटं घेते.

आपल्या वर्गातल्या एका मित्राचे बाबा बोटीवर होते. नाव सांगत नाही, पण तिसऱ्या रांगेत कोण हसतंय ते तुम्हाला दिसतंच आहे. १९९५ साली ते सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी इटलीहून एक लाल गाडी आणली. लॅम्बोर्गिनी काउंटाच. बुरागो कंपनीचं, एकास अठरा प्रमाणाचं मॉडेल. चार मीटरांहून थोडी जास्त लांब असलेली गाडी वीतभर होऊन आपल्या बाकावर आली होती.

खरी काउंटाच १९७१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिचा आकार मार्चेल्लो गांदिनी यांचा. तिचं नाव म्हणजे पिडमाँटच्या बोलीतला आश्चर्याचा उद्गार, आपण ‘अगो बाय!’ म्हणतो ना, तसा. दारं बाजूला नाही, वर उघडायची. मागचं इतकं कमी दिसायचं, की गाडी मागे घेताना चालक दार वर करून उंबऱ्यावर बसायचा आणि मान वळवून बघायचा. ही गाडी रामआळीत वळवायची कशी, यावर मधल्या सुट्टीत झालेली भांडणं आठवतात का?

मला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, ती कशी? शनिवारी शाळा सुटल्यावर मी ती गाडी मागून घेतली. त्याने दिली. रात्री बाबांचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी खालचे स्क्रू काढले. आतली दांडी पाहिली, चाकं कशी वळतात ते कळलं. इतका आनंद मला नंतर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही फार वेळा झाला नाही.

परत जोडताना डावं दार तुटलं.

ही मॉडेलं पत्र्याची नसतात. जस्ताचा मिश्रधातू ४०० अंशांच्या आसपास वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. म्हणून ती हाताला जड लागतात आणि रेषा न् रेषा उमटते. पण पातळ भाग वाकत नाही, कटकन तुटतो. बिजागरीची खुंटी तशी तुटली. मी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून दार बसवलं आणि सोमवारी गाडी गुपचूप परत केली.

दोन दिवसांनी ते दार त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातात आलं. ती तेव्हा दुसरीत होती. तिला मार बसला. गाडी कपाटावर गेली. वर्गात त्याने सांगितलं, “बहिणीने मोडली.” मी शेजारच्या बाकावर होते. काही बोलले नाही.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या टीममध्ये एकच कडक नियम आहे. ज्याच्या हातून बिघडलं, त्याने आधी सांगायचं. सांगणाऱ्यावर कोणी ओरडायचं नाही. नवीन मुलांना हा नियम सांगताना दर वेळी मला ते लाल दार आठवतं.

या मेळाव्याच्या निमित्ताने त्याचा फोन आला, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तो हसला. म्हणाला, “गाडी आहे अजून. दार पण आहे, आईच्या शिवणाच्या डब्यात. पण मला काय सांगतेस? तिला सांग.”

तिला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ताई, मी नव्हतं मोडलं?”

मित्रांनो, मला वाटत होतं, की मार खाऊन ती विसरली असेल. तिने तीस वर्षं ते खरं धरलं होतं. “माझ्या हातात वस्तू टिकत नाही, असं घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे,” ती म्हणाली. माफी मागितली, पण त्या वाक्यापुढे ती फारच छोटी वाटली.

काल सकाळी आम्ही तिघं मांडवीला त्यांच्या घरी बसलो. जुन्या खुंटीच्या जागी बारीक भोक पाडून टाचणीचा तुकडा घातला. भोक मी पाडलं, दार तिने बसवलं. आता ते वर उघडतं, पण नीट मिटत नाही. केसाएवढी फट राहते. मी म्हटलं, “काढून परत बसवूया.” ती म्हणाली, “नको ताई, राहू दे. हे मी बसवलंय.”

हे सर्वांसमोर सांगायची परवानगी तिनेच दिली. उलट म्हणाली, “सरांना आणि बाईंना कळू दे.” म्हणून सांगितलं.

गाडी बाहेर स्मरणिकेच्या टेबलावर ठेवली आहे. जरूर हातात घेऊन बघा. डावं दार उघडायचं असेल, तर मात्र तिला विचारून.