एकच मतदारसंघ, अकरा निवडणुका



आजच्या व्याख्यानासाठी मी गणपतराव देशमुखांचे नाव सुचवले, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी विचारले, ‘‘सोलापूरकडच्या माणसाचे आमच्याकडे काय काम?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर कापसात आहे. सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातला अवर्षणाचा तालुका. तिथे कापूस नावापुरताच. तरीही तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. तिचे प्रवर्तक गणपतराव. आपण तर कापसाच्या राशीवर बसलेली माणसे. आणि सहकारी सूतगिरणी म्हटले की विदर्भात कित्येक ठिकाणी डोळ्यांपुढे येते ते कुलूपच!

गणपतरावांचा जन्म १९२६ सालचा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली आरंभली आणि शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा खांद्यावर घेतला. पक्ष निघाला १९४७ मध्ये. त्याचे मोठे पुढारी शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतले. गणपतराव राहिले. १९६२ मध्ये ते सांगोल्यातून प्रथम विधानसभेवर गेले आणि तिथूनच एकूण अकरा वेळा निवडून आले. मधे दोनदा पडले. १९७२ ला पडले ते १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पडले ते अवघ्या १९२ मतांनी, आणि १९९९ ला पुन्हा निवडून आले. पराभवानंतर मतदारसंघ बदलावा, पक्ष बदलावा, निदान मुंबईला जाऊन एखादे महामंडळ मिळवावे, ही आपल्या राजकारणाची रीत त्यांना मानवली नाही.

आता एक रोकडा प्रश्न. जो आमदार जन्मभर बहुधा विरोधी बाकावर बसला, त्याने मतदाराला दिले काय? मंत्रिपद त्यांना दोनदाच लाभले. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या, आणि दोन्ही वेळा थोडक्या काळासाठी. दुसऱ्या खेपेस रोजगार हमीचे खाते त्यांच्याकडे आले, आणि ते योग्य हाती आले असे मी म्हणेन. कारण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांतलाच त्यांचा मतदार होता. ‘मागेल त्याला काम’ ही त्यांच्यापुरती घोषणा नव्हती, तालुक्याची चूल होती.

पाण्याचे मात्र निराळे. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यावे आणि ते समन्यायाने वाटावे, यासाठी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव हे तिचे दोन खांब. टेंभू, म्हैसाळ या योजनांचे पाणी पुढे त्या भागात पोचू लागले. पण फार उशिरा. त्यांच्या निंदकांनी हे त्यांच्याच माथी मारले : ‘‘इतकी वर्षे आमदार, आणि पाणी कुठे?’’ या टीकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सत्तेच्या दाराशी एखाद्या वजनदार मंत्र्याचा मतदारसंघ असता तर पाइप लवकर आले असते, हे कोण नाकारील? सांगोलेकरांना हे कळत नव्हते असेही नाही. १९९५ ची ती १९२ मते याच अधीरतेतून गेली असावीत, असा माझा तर्क आहे. तरीही पुढल्या खेपेला त्यांनी आपला हिशेब फिरवला.

हे आपल्या तालुक्याला लागू करून पाहा. आपण हिंगणघाट मतदारसंघातले. गेल्या निवडणुकीत आपण मत दिले ते माणसाला, पक्षाला, की जिकडे सरकार बसेल असे वाटले तिकडे? हात वर करू नका, मनात उत्तर द्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती झाकून ठेवणे त्या माणसाला शोभणारे नाही. नव्वदी ओलांडल्यावर २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत. उमेदवारी गेली नातू डॉ. अनिकेत यांच्याकडे, ते थोडक्यात पडले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतराव गेले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख त्याच लाल बावट्यावर सांगोल्यातून निवडून आले. अर्धशतक कार्यकर्ते घडवणाऱ्या पक्षाला घराबाहेरचा एक उमेदवार मिळू नये काय? सांगोल्यातल्या माझ्या एका स्नेह्याला मी हे विचारले. तो म्हणाला, ‘‘तुम्ही बाहेरचे. आम्ही आबांनाच मत दिले.’’