बलार्ध : हृदय, व्यायाम आणि श्वास यांविषयी

हृदयाचा विकार हा शहरातील धनिकांचा रोग आहे, खेड्यातील कष्टकऱ्याला त्याचे भय नाही, अशी समजूत पुष्कळ काळ प्रचलित होती. आज ती कोणी उराशी धरू नये. बेळगाव, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या टापूतील खेड्यापाड्यांतही पन्नाशीच्या आतबाहेरचा कर्ता पुरुष छातीच्या दुखण्याने अकस्मात निघून जातो, आणि मागे राहिलेल्या माउलीवर शेत, कर्ज आणि लेकरे यांचा सारा भार येऊन पडतो. म्हणून हृदय बळकट कसे राहील आणि अंगात काम करण्याची शक्ती कशी टिकेल, या प्रश्नाचा विचार केवळ वैद्यांवर सोपवून चालणार नाही. प्रत्येक गृहस्थाने तो केला पाहिजे.

या प्रश्नाला समाजात दोन उत्तरे ऐकू येतात. तालमीतील मंडळी म्हणतात, जोर-बैठका काढा, अंग घामाने न्हाऊ द्या, सर्व काही ठीक होईल. दुसरी मंडळी म्हणतात, अंगमेहनतीची गरजच काय, पहाटे उठून प्राणायाम करा, म्हणजे पुरे. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. तथापि दोन्ही पक्ष ज्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात, ती गोष्ट म्हणजे मर्यादा. त्या मर्यादेला आयुर्वेदाने फार नेमके नाव देऊन ठेवले आहे. ते नाव ‘बलार्ध’.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात व्यायामाचा विचार आला आहे. आपले हित इच्छिणाऱ्या मनुष्याने व्यायाम रोज करावा, परंतु अंगी असलेल्या बळाच्या अर्ध्यानेच करावा, असा तेथील आदेश आहे. आता अर्धे बळ ओळखावे कसे? तागडीत घालून ते मोजता येत नाही. आचार्यांनी त्याची खूण श्वासात सांगितली आहे. व्यायाम करीत असता हृदयस्थानी असलेला वायू जेव्हा मुखापर्यंत येऊ लागतो, म्हणजे नाकाने श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागते, तेव्हा अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. हृदय, श्वास आणि श्रम या तिघांची सांगड इतक्या थोड्या शब्दांत घालणारा नियम विरळा. आजचे वैद्यही मध्यम श्रमाची जवळजवळ हीच खूण सांगतात. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतकाच वेग मध्यम समजावा, असे ते म्हणतात. वाग्भटाने त्यात ऋतूचा विवेक जोडला. हिवाळ्यात आणि वसंतात, स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानाने अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, एरवी त्याहूनही कमी. अतिव्यायामाने तहान, क्षय, धाप, खोकला, ज्वर हे विकार होतात, अशी ताकीदही त्याने देऊन ठेवली आहे.

हा नियम हृदयाला कसा लागू पडतो, हे समजण्यासाठी हृदयाचे काम ध्यानी घेतले पाहिजे. हृदय हा मुठीएवढा स्नायूच होय. तो मिनिटाला सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावतो. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या शरीरात तो मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतो. भरधाव श्रमात हेच प्रमाण २० लिटरांपर्यंत आणि कसलेल्या खेळाडूत त्याहूनही वर जाते. नित्य व्यायामाने हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त पुढे ढकलू लागतो, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. ज्याची नाडी पूर्वी ८० होती, तीच काही महिन्यांच्या अभ्यासाने ७० च्या आसपास आली, तर हृदयाला दिवसाला हजारो ठोक्यांची विश्रांती लाभली असे म्हणावे. लांब पल्ल्याचे नामांकित धावपटूही आपल्या सरावाचा बहुतेक भाग सोप्या गतीनेच करतात. जीव तोडून धावण्याचे दिवस ते मोजकेच ठेवतात. अर्ध्या बळाचा नियम दुबळ्यांसाठीच आहे, असे कोणी मानू नये.

या भागातील माणसाला हे सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मराठी माणूस जिला तालीम म्हणतो, तिलाच कन्नड माणूस गरडीमने म्हणतो. लाल मातीचा हौदा दोघांचा एकच. त्या हौद्यात वस्तादाच्या तोंडी सदैव एक शब्द असतो, तो म्हणजे ‘दम’. पठ्ठ्याला दम किती आहे, दम कोठे लागतो, दम खाऊन पुन्हा कसा उठतो, यावर वस्तादाची नजर असते. हा दम फारसीतून आला, त्याचा अर्थ श्वास. संस्कृतातही दम हा शब्द आहे, त्याचा अर्थ इंद्रियांचा निग्रह. दोन शब्दांची कुळे वेगळी असली, तरी मराठीत ती एका उच्चारात भेटली. ज्याचा निग्रह सुटला त्याचा श्वासही सुटतो, हे प्रत्येक जुना मल्ल जाणतो.

निग्रही पुरुषालाही मर्यादा ओलांडल्यास काय सोसावे लागते, याचे एक उदाहरण निपाणीने प्रत्यक्ष पाहिले आहे. महात्मा गांधींनी डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यानंतर मार्च १९२७ च्या अखेरीस खादीच्या प्रचारदौऱ्यात ते कोल्हापूर आणि निपाणी भागात आले. सभांमागून सभा, प्रवासामागून प्रवास असा तो क्रम होता. कोल्हापुरात त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. निपाणीत तर त्यांना अंथरुणालाच खिळावे लागले. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी दौरा थांबवून पूर्ण विश्रांतीचा आदेश दिला, आणि बेळगावमार्गे त्यांना प्रथम आंबोलीस व नंतर म्हैसूर संस्थानातील नंदी डोंगरावर नेण्यात आले. त्यांचे वय त्या वेळी ५७ वर्षांचे होते. ज्यांना तंबाखू वा मद्य यांचे व्यसन नाही, ज्यांचा आहार मोजका, ज्यांचे रोजचे चालणे कित्येक मैलांचे, अशा पुरुषाचीही ही स्थिती अतिश्रमाने झाली.

यापुढील भाग अधिक बोधप्रद आहे. त्या विश्रांतीच्या काळात गांधीजींनी स्वामी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून शवासन, सर्वांगासन आणि श्वसन यांविषयी मार्गदर्शन घेतले. स्वामी कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म १८८३ चा. बडोद्याच्या माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्या घेतली आणि परमहंस माधवदासजींकडे योगविद्या. १९२४ साली त्यांनी बडोद्यात उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने परीक्षा केली, आणि त्याच वर्षी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. परंपरेने सांगितले म्हणून खरे, किंवा परंपरेने सांगितले म्हणून खोटे, हे दोन्ही आग्रह त्यांनी बाजूस ठेवले, आणि यंत्राने मोजून काय दिसते ते लिहून काढले. गांधीजींची वृत्तीही तशीच होती. त्यांनी डॉक्टरांना दूर सारून आसने केली नाहीत. रक्तदाब मोजून घेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अभ्यास केला आणि परिणाम स्वामींना कळवला. वैद्य आणि योगी यांच्यात भांडण नाही, हे या प्रसंगावरून प्रत्येक भक्ताने शिकावे.

आता श्वासाचा विचार. दीर्घ श्वासाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः निरोगी माणसाच्या फुप्फुसांतून बाहेर पडणारे रक्त साध्या श्वासानेही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यात भर घालण्यास फारशी जागाच नसते. मंद श्वासाचे फळ दुसरीकडे आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना उतरते. गती उतरविण्याचे हे काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूकडून होते. श्वास मंद आणि उच्छ्वास लांब ठेवला, म्हणजे हा शांतविणारा तंतू अधिक कार्य करतो, नाडी सावकाश होते, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची अंतर्गत यंत्रणा अधिक तत्पर होते. इटलीतील संशोधकांनी २००१ साली २३ व्यक्तींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र यांची तुलना होती. दोन्ही पठणांत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सुमारे ६ वर आली, आणि हृदय व रक्तदाब यांची लय त्या श्वासाशी जुळली. जप सावकाश, अर्थ ध्यानात घेऊन करावा, हा जो वडीलधाऱ्यांचा उपदेश, त्याला देहाच्या बाजूनेही आधार आहे.

परंतु अद्भुताच्या मागे लागू नये. योगी हृदय थांबवू शकतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. वेंगर, बागची आणि आनंद या शास्त्रज्ञांनी असा दावा करणाऱ्यांची तपासणी करून १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. नाडी हाताला लागेनाशी झाली होती, पण विद्युत्-आलेखात हृदय चालूच होते. श्वास कोंडून छातीवर दाब आणल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले होते, इतकेच. ही शक्ती नव्हे, हा हृदयावरील ताण आहे. ज्यांना रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार आहे, त्यांनी दीर्घ कुंभक आणि जोरकस भस्त्रिका यांपासून दूर राहावे. हठयोगप्रदीपिकेनेही श्वासाला वश करण्याची तुलना सिंह, हत्ती आणि वाघ यांना माणसाळविण्याशी केली आहे. घाई करणाऱ्या साधकाचाच त्यात घात होतो.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. निपाणी हे तंबाखूचे गाव आहे. विडीच्या तंबाखूवर या भागातील हजारो घरांची चूल पेटली. १९८१ साली याच पिकाला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात त्यांच्यापैकी काहींना प्राणास मुकावे लागले. त्या कष्टाचा अवमान करण्याचा अधिकार कोणासही नाही. पण पीक विकणे वेगळे आणि ते देहात घेणे वेगळे. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाचे ठोके वाढवते. विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, कारण रक्ताशी त्याची ओढ प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक असते. चुना लावून मळलेली तंबाखू आणि बायाबापड्या दातांना लावतात ती मिश्री, यांनाही निरुपद्रवी समजू नये. पहाटे प्राणायाम करून उठायचे आणि अंगणात येऊन विडी शिलगवायची, हे एका हाताने दिवा लावून दुसऱ्या हाताने विझविण्यासारखे आहे. धूम्रपान सोडले, तर एका वर्षात त्यापासून हृदयाला असलेला जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो. सोडण्यास उशीर झाला, असे म्हणण्याचे वय कोणतेच नाही.

अभ्यासाचा क्रम साधा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास झपझप चालले, तरी तो नियम पाळला जातो. प्रथम पाच मिनिटे सावकाश चालावे, शेवटची पाच मिनिटेही सावकाश चालावे. श्रम एकाएकी सुरू करू नयेत आणि एकाएकी थांबवू नयेत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी घरोघर नेलेला सूर्यनमस्कार तरुणांनी जरूर घालावा, पण संख्या हळूहळू वाढवावी. प्रत्येक नमस्कारात श्वास कोंडला जात नाही ना, हे पाहावे. त्यानंतर ताठ बसून, नाकाने, चार अंकांत श्वास आत आणि सहा अंकांत बाहेर, असा श्वास पाच ते दहा मिनिटे घ्यावा. अंक सेकंदाच्या गतीने मोजावेत. त्यात कुंभक नको, ओढाताण नको. अंकांऐवजी इष्टनाम घेतले तरी चालेल. शेवटी शवासन. दर आठवड्याला सकाळी अंथरुणातच नाडी मोजून वहीत टिपून ठेवावी.

चाळिशी उलटलेल्याने, मधुमेह वा रक्तदाब असलेल्याने, किंवा पुष्कळ वर्षे अंग न हलविलेल्याने, आरंभापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. चालू असलेली औषधे प्राणायामाच्या भरवशावर बंद करू नयेत. आणि छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब आला, कळ डाव्या हातात वा जबड्यात गेली, थंड घाम सुटला, तर ते पित्त किंवा वायू असेल म्हणून ओवा चावीत बसू नये. त्या वेळी प्राणायामही करू नये आणि अंगारा लावून वाटही पाहू नये. तत्काळ वाहन करून इस्पितळ गाठावे. त्या वेळी गमावलेला प्रत्येक तास हृदयाच्या स्नायूचा एकेक भाग कायमचा घेऊन जातो.

भक्तजनहो, अर्धे बळ राखून ठेवा, असे आचार्य सांगतात, तेव्हा ते आळसाचा उपदेश करीत नाहीत. राखलेले अर्धे बळ उद्याच्या दिवसासाठी असते, शेतासाठी, संसारासाठी, अडल्यानडल्याच्या हाकेसाठी असते. रोज थोडे चालणे, रोज थोडा मंद श्वास आणि तंबाखूचा त्याग, एवढे व्रत ज्या घरात पाळले जाईल, त्या घरातील कर्त्या पुरुषाचे आणि माउलीचे हृदय त्या घराला दीर्घकाळ साथ देईल. श्रीगुरू सर्वांना हे व्रत पाळण्याची बुद्धी देवोत.