पितळेवरील जुना रंग

आपल्या जुन्या वाड्यांच्या दारांवरील पितळी कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि फुले, दाराला वेळोवेळी रंग देताना रंगाऱ्याने त्याच कुंच्याखाली घेतल्यामुळे, आज बहुधा तेलरंगाच्या पुटांखाली दडून गेलेली आढळतात. तो रंग काढण्याची इच्छा स्तुत्य खरी. परंतु रंगाबरोबर कारागिराच्या हातोडीची आणि कानशीची खूणही निघून जाणार नाही, अशी तजवीज आधी करावयास हवी.

प्रथम लोहचुंबक लावून पाहावा. तो चिकटला, तर जिन्नस पितळेचा नसून पितळी मुलामा दिलेले लोखंड आहे असे समजून तो खरवडू नये.

पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण असल्याने, तीव्र आम्लात फार वेळ ठेवल्यास त्यातील जस्त आधी विरघळते आणि पृष्ठभाग तांबूस होतो. अमोनिया तर त्याहून घातक. हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जात; तबेल्यांतील घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि घडवताना धातूत उरलेला ताण यांच्या संयोगाने ते घडते, हे १९२१ साली शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. स्टोव्हच्या ज्वाळेवर रंग जाळणेही वर्ज्य मानावे. कारण जुन्या तेलरंगांत पुष्कळदा शिसे असून त्याचा धूर विषारी असतो, शिवाय ठोकून कणखर केलेले पितळ प्रखर उष्णतेने मऊ पडते.

निर्धोक मार्ग साधा आहे. स्वयंपाकाला पुन्हा न वापरावयाच्या लोखंडी पातेल्यात पाणी व धुण्याचा सोडा घालून, वस्तू मंद आचेवर बराच वेळ ठेवावी. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, कारण सोडा ते खातो. सोड्याच्या क्षारामुळे रंगातील तेलाचा साबण होऊन पुटे सुटू लागतात; मग हातमोजे घालून, ओलेपणीच, बांबूच्या कामटीने व केसाळ कुंचल्याने ती अलगद काढावीत. सुकी घासू नयेत, म्हणजे विषारी धूळ उडणार नाही. आणि उरलेला गाळ विहिरीजवळ किंवा परसात टाकू नये.

शेवटी वस्तू स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मेणाचा पातळ हात द्यावा. खोलगट नक्षीतील काळपट झाक मात्र राहू द्यावी. ती मळ नव्हे, त्या वस्तूचे वय आहे, आणि एकदा घासून टाकलेले वय कोणत्याही कारागिराला परत देता येत नाही.