धोंड्याचा महिना आणि आपली गांठ
(चेंबूर येथील सभेंत केलेलें भाषण)



अधिक महिना आला कीं गरिबाच्या घरांत धास्ती शिरते. जांवयाला तेहतीस अनारशांचें वाण, वर ताट, दिवा, कपडे! नाहीं दिलें तर पाप, असें सांगणारे पुष्कळ. मग बाप सावकाराचें दार धरतो. म्हणून आम्ही आज एवढेंच सांगणार कीं, हा महिना पुण्याचा नव्हे, हिशेबाचा आहे.

चंद्राचे बारा महिने सुमारें 354 दिवसांत सरतात; सूर्याचें वर्ष 365 दिवसांहून थोडें मोठें. दरसाल 11 दिवसांची तूट. बत्तीस-तेहतीस महिन्यांत ती महिन्याएवढी होते. मग ज्या चांद्रमहिन्यांत सूर्य रास बदलीत नाहीं, तो अधिक धरावयाचा. माहुल-तुर्भ्याच्या कोळीबांधवांस याचा उपयोग कळेल. 2023 सालीं अधिक श्रावण धरला, म्हणून नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली. नाहीं तर ती 1 ऑगस्टला, भर पावसांत आली असती.

ही तूट सर्वांनाच भेटते. मुसलमान बांधव महिना वाढवीत नाहींत. म्हणून रमजान सुमारें 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. पारशांचें शहेनशाही वर्ष बरोबर 365 दिवसांचें. तें चार वर्षांत एक दिवस मागें सरकतें. आपल्या कोंकणांत घाणा चालविणारे बेने इस्रायल, ज्यांस लोक शनवार तेली म्हणत, त्यांच्या धर्मांत 19 वर्षांत 7 वेळां अदार महिना दोनदां येतो. इंग्रजी वर्षांत चौथ्या सालीं एक दिवस वाढतो. पण 1900 सालीं वाढविला नाहीं, 2000 सालीं वाढविला. सर्व मनुष्याचीच आंकडेमोड! 29 फेब्रुवारीला कोणी जांवयास ताट देतो काय?

आणखी ऐका. टिळक पंचांग आणि इतर पंचांगें यांत कधीं कधीं अधिक महिनाच निराळा पडतो. महिना देवानें नेमला असता, तर दोन पोथ्यांत दोन कां?

2026 सालचा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर. बियाण्याचा पैसा वाणांत घालून शेतकऱ्यानें पेरावें काय?

लेकजांवयास अवश्य बोलवा. पुरणाचे धोंडे करा, पोटभर जेवूं घाला. व्याह्यांनींही वाण मागूं नये. पण कर्ज काढूं नका. आणि पंचांग मुलामुलींस वाचावयास शिकवा. ज्याला हिशेब येतो, त्याला कोणी भीति घालूं शकत नाहीं.