डांबरातली चाकोरी

चाकोरी हा शब्द बैलगाडीच्या काळातला. मातीच्या वाटेवर एकाच जागेवरून चाके फिरत राहिली की जमीन दबून लांब सरी पडते, तीच चाकोरी. डांबरी रस्त्यावरही अवजड वाहनांच्या चाकांखाली हेच घडते. खड्डा डोळ्यांत भरतो, त्याची तक्रार होते, तो बुजवलाही जातो. चाकोरी मात्र रस्ता गुळगुळीत दिसत असतानाच खोल होत जाते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

खानदेशातल्या चोपड्याच्या परिसरात चाकोरी पडायला लागणारे सारेच एकत्र आले आहे. तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या पट्ट्यात काळी कापसाची जमीन आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी मुरले की तिची भार पेलण्याची ताकद फार थोडी उरते. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्ग रावेर, यावल, चोपडा, शिरपूर असा याच पट्ट्यातून जातो. त्यावरून केळीने भरलेले ट्रक आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. त्यात खानदेशातला मे महिना. हवा ४५ अंशांवर गेली की काळा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापतो. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा मृदुबिंदू मानकानुसार किमान ४७ अंश असतो. म्हणजे नेमक्या वाहतुकीच्या वेळी डांबर मऊ पडलेले असते. चौकात, गतिरोधकाआधी किंवा वजनकाट्यापाशी ट्रक रेंगाळतो, भार जास्त वेळ टिकतो आणि चाकोरी तिथे सर्वांत खोल होते.

तिचा आकार पाहून दोष कुठे आहे हे बरेचसे ओळखता येते. सरीच्या दोन्ही बाजूंना डांबर उचलून वरंबे झाले असतील, तर दोष वरच्या मिश्रणात आहे: डांबर जास्त, वाळू गोल दाण्यांची किंवा हवेच्या पोकळ्या ३ टक्क्यांहून कमी. सरी रुंद आणि वरंबे नसलेली असेल, तर खालचा थर किंवा माती खचली आहे.

भाराचा हिशेब तर फारच कठोर आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचणीवरून असे दिसले, की रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला, तर हानी सोळापट. भारतात २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार जेमतेम १३ टक्के वाढला. या नियमाने हानी सुमारे ६० टक्के वाढते.

पावसाळ्यात चाकोरीचा खरा धोका कळतो. रस्त्याच्या आडव्या उताराने कडेला जाणारे पाणी सरीत अडते. वेगातल्या टायरखाली ते पाणी बाहेर पडू शकले नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो; मग ब्रेकही लागत नाही आणि स्टिअरिंगही काम करत नाही. रात्री समोरच्या दिव्यांच्या उजेडात ओला रस्ता नुसता चमकतो, खोली दिसत नाही. मोटारीला चार चाकांचा आधार तरी असतो. दुचाकीस्वार ओव्हरटेक करताना वरंब्यावर तिरपा चढतो, पुढचे चाक घसरते आणि शेजारी ट्रक असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते. त्यांतले किती चाकोरीमुळे गेले, हे या आकड्यातून कळत नाही. पण रस्त्याची उणीव सर्वांत आधी कोणाला भोवते, ते कळते.

उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. गोल वाळूऐवजी दगडाची चुरी, कडक व्हीजी-४० किंवा पॉलिमर मिसळलेले डांबर, काळ्या मातीला चुन्याची जोड आणि बाजूची गटारे मोकळी. दोष मिश्रणात असेल, तर तो थर खरवडून काढावा लागतो. जुन्या चाकोरीवर नुसता नवा थर पसरला, तर ती काही उन्हाळ्यांत पुन्हा वर येते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेत २० मिलिमीटर चाकोरी ही रस्ता निकामी ठरवण्याची मर्यादा आहे. ती रस्त्याच्या आयुष्याची मर्यादा आहे. दुचाकीस्वाराच्या जिवाची नव्हे. पाणी अडायला एक-दीड सेंटीमीटरही पुरते. अभियंत्यांनी दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, आपापल्या हद्दीतल्या चौकांवर आणि वळणांवर तीन मीटरची पट्टी आडवी ठेवून खोली मोजावी, आणि १० मिलिमीटर दिसताच दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा.