मागे पडलेले घड्याळ

समजा, लखनौच्या विकास नगरातील एखाद्या घरी बऱ्याच दिवसांनी जुना संगणक सुरू केला आणि बँकेच्या पानाऐवजी ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना आली. प्रथम दोष दिला जातो तो तारेला. पण तार तुटली असती, तर ही सूचना उमटलीच नसती!

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ओळखीदाखल प्रमाणपत्र दाखविते. त्यावरील मुदत ब्राउझर ताडून पाहतो ती संगणकाच्याच घड्याळाशी. यंत्र बंद असताना हे घड्याळ नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. ती संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि आजचे प्रमाणपत्र यंत्राला अद्याप न जन्मलेले वाटते. तारीख दुरुस्त करावी, बॅटरी बदलावी. बहुधा तेवढ्याने भागते.

तारीख बरोबर असली, तर ब्राउझर अद्ययावत करून पाहावा. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अनेक जुन्या यंत्रांना निर्दोष संकेतस्थळेही संशयास्पद वाटू लागली होती.

सूचना डावलून पुढे जाण्याची सोय ब्राउझर पुष्कळदा देतो. बँकेच्या पानावर मात्र ती वापरू नये. वाटेत बसलेल्या तोतयामुळेही हीच सूचना उमटते.